झाकण उघडलं की थांबलं पाहिजे

ज्योतिबा फडतरेंनी तो फोन तक्रार करायला केलाच नव्हता. सैन्यातून निवृत्त झालेले हे वडूजचे गृहस्थ. आपल्याकडं चाचणीसाठी दिलेलं वॉशिंग मशीन कसं चाललंय, हे सांगायला ते दर गुरुवारी न चुकता फोन करायचे.

"ताई, मशीन झकास हाय," ते म्हणाले. "आता तर ड्रायरचं झाकण उघडलं तरी टब फिरतोच. कापडं वाळली का न्हाई ते बघाय थांबावं लागत न्हाई. ही सोय लय चांगली केलीसा."

संयोगिता सूर्यवंशी पलूसमधल्या आपल्या दुकानात एका मिक्सरचा स्क्रू काढत होती. तिचा हात तिथंच थांबला.

"काका, आत्ता चालू हाय का?"

"व्हय. समोरच हाय."

"भिंतीतली पिन काढा. टबाजवळ हात नेऊ नका. आधी पिन काढा, मग बोला."

फौजी माणूस. का म्हणून विचारलं नाही. फोनमधली घरघर हळूहळू कमी होत गेली.

"काढली. काय झालं ताई?"

"ती सोय न्हाई काका. ती माझी चूक हाय."

संयोगितानं सांगलीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घेतलं होतं. लग्न होऊन ती पलूसला आली. नवरा जयराज सैन्यात, वर्षातून दोनदा घरी. एसटी स्टँडसमोर तिनं दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा पुरुष गिऱ्हाइकं दारातूनच परत जायची. बायका मात्र तिला थेट घरात, मोरीपर्यंत न्यायच्या. पंधरा वर्षं ती लोकांची मशीनं उघडत आली आणि प्रत्येक वेळी आत तेच दिसत आलं. बोअरच्या पाण्यानं पांढरे थर चढलेले. शेतातल्या कपड्यांची माती आणि उसाची कुसं नळीत अडकलेली. तळातून उंदीर शिरून वायरी कुरतडलेल्या. साफ करायचं तर मशीन आडवं पाडा, मागचे दहा स्क्रू काढा. ते कोणती बाई करणार? म्हणून कुणीच करत नव्हतं, आणि चांगली मशीनं चार वर्षांत भंगारात जात होती.

त्यातूनच तिनं स्वतःचं मशीन बनवलं. गाळणी पुढच्या बाजूला, डब्याच्या झाकणासारखी हातानं फिरवून निघणारी. मोटर खालच्या खणात, ओढली की बाहेर येणारी. तळाला जाळी. खळबळलेलं पाणी पुढच्या धुण्याला वापरता यावं म्हणून बाजूला टाकी. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवणारे धन्यकुमार चौगुले यांना ते पटलं. त्यांनी बारा मशीनं बनवली आणि ती चाचणीसाठी बारा घरांत दिली.

चूक झाली ती ड्रायरच्या ब्रेकमध्ये. जुन्या मशीनमध्ये झाकण उचललं की पोलादी तार ओढली जाते आणि ब्रेक लागतो. ही तार तुटली की बदलायला मागचं सगळं उघडावं लागतं. संयोगितानं तार काढून टाकली आणि तिच्या जागी प्लॅस्टिकचा एक खटका बसवला. झाकण उचललं की खटका वर येणार, वीज तोडणार आणि ब्रेकही लावणार. बोटानं काढायचा, धुवायचा, परत बसवायचा. तिला स्वतःला सगळ्यात जास्त अभिमान याच खटक्याचा होता.

मार्च सुरू झाला होता. ज्योतिबांचं मशीन परसात उन्हात होतं. प्लॅस्टिक तापून वाकलं असणार, त्यात क्षार धरला असणार. खटका दाबलेलाच राहिला, तर वीज तुटत नाही आणि ब्रेकही लागत नाही. झाकण उघडं, आणि टब पूर्ण वेगात.

तिनं वहीतली यादी काढली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. साडेअकरापर्यंत अकरा घरं झाली. प्रत्येकाला तिनं एकच सांगितलं, पिन काढा आणि मी येईपर्यंत लावू नका. बारावं घर कडेगावच्या अलीकडच्या एका वस्तीवर होतं. अंबूबाई मोहित्यांचं. फोन त्यांच्या सुनेचा, समीक्षाचा. ती अंगणवाडीत कामाला जायची आणि कामावर असताना फोन बंद ठेवायची. चार वेळा लावला, चारही वेळा बंद.

अंबूबाई सत्तरीच्या. मशीन द्यायला गेली होती तेव्हा त्यांनी सांगितलेलं संयोगिताला आठवलं. गुरुवारी सकाळपासून लाइट नसते, बाराला येते. कापडं हातानं धुऊन ठेवते आणि लाइट आली की ड्रायरला लावते.

तिनं दुकानाचं शटर अर्धवट ओढलं आणि स्कूटर काढली.

कुंडल ओलांडेपर्यंत रस्ता मोकळा होता. पुढं उसाचे दोन ट्रॅक्टर एकामागं एक, प्रत्येकाला दोन दोन ट्रॉल्या. समोरून वाहनं येत होती. ओव्हरटेक करायला दोनदा बाहेर काढलेली गाडी तिला दोन्ही वेळा आत घ्यावी लागली. हेल्मेटच्या आत घाम डोळ्यांत उतरत होता. एका फाट्यावर थांबून तिनं पुन्हा फोन लावला. बंद. बारा वाजायला सहा मिनिटं होती. रस्त्याकडेच्या पिठाच्या गिरणीकडं तिचं लक्ष गेलं. गिरणी बंद होती, म्हणजे लाइट अजून आली नव्हती. तेवढ्यावर तिनं धीर धरला.

वस्तीच्या कच्च्या रस्त्याला ती लागली आणि कुठल्याशा घरात टीव्ही सुरू झाल्याचा आवाज आला.

अंबूबाईंचं मशीन घराच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. संयोगिता घराला वळसा घालून पळाली. ड्रायरचा आवाज तिला आधी ऐकू आला. मग अंबूबाई दिसल्या. झाकण उघडं होतं आणि त्या आत वाकून बघत होत्या.

"आजी, मागं व्हा!"

अंबूबाई दचकून वळल्या आणि वळताना त्यांचा पदर खांद्यावरून टबात गेला. पुढचं सगळं क्षणात झालं. पदर ताणला गेला, अंबूबाई मशीनकडं ओढल्या गेल्या, त्यांची छाती काठावर आदळली. संयोगितानं एका हातानं भिंतीतली पिन उपसली आणि दुसऱ्या हातानं त्यांना कमरेला धरून मागं खेचलं. वीज गेली तरी टब फिरतच होता. लुगडं टरकन फाटलं आणि दोघी मागं पडल्या. अंबूबाईंचा उजवा हात अंगाखाली सापडला.

टब थांबायला बराच वेळ लागला. तोवर दोघी फरशीवर तशाच बसून होत्या.

कडेगावच्या दवाखान्यात मनगटाचं हाड मोडल्याचं समजलं. समीक्षा धावत आली, तेव्हा अंबूबाईच तिला समजावत होत्या. "माजाच पदर सैल हुता. या पोरीनं वाचवलं मला."

तिथं गप्प बसणं फार सोपं होतं. समीक्षा तर हात जोडून आभार मानायला लागली होती.

"न्हाई आजी," संयोगिता म्हणाली. "पदर सैल असला तरी झाकण उघडलं की टब थांबाय पायजे हुता. थांबला न्हाई, कारण मी केलेला खटका अडकला. हात माज्यामुळं मोडला तुमचा."

समीक्षाचे जोडलेले हात खाली आले. अंबूबाईंनी मान भिंतीकडं वळवली.

दोन दिवसांत संयोगितानं बाराही मशीनं कुपवाडला गोळा केली आणि प्रत्येकाचा खटका तपासला. पाच अडकत होते. पाडव्याला दहा दिवस उरले होते आणि त्या दिवशी धन्यकुमारांनी दुकानदारांना मशीन बघायला बोलावलं होतं.

"बघा ताई," धन्यकुमार शांतपणे म्हणाले. "उन्हात ठेवू नका, पदर आवरून घ्या, असं मोठ्या अक्षरात मशीनवर लिहू. पुढच्या खेपेला खटका बदलू."

"आण्णा, जरा इकडं या."

तिनं अडकलेल्या खटक्याचं एक मशीन सुरू केलं, झाकण उघडलं आणि पुसायला ठेवलेली एक जुनी साडी हातात धरून तिचं टोक आत सोडलं. लगेच हात सोडला. साडी डोळ्याचं पातं लवायच्या आत नाहीशी झाली आणि मशीन जागेवर धडधडलं. धन्यकुमार दोन पावलं मागं सरले.

"त्या आजींचा पदर असाच गेला," ती म्हणाली. "त्यांना लिहिलेलं वाचताही येत न्हाई."

धन्यकुमार खुर्चीवर बसले आणि एकेका दुकानदाराला स्वतः फोन करून पाडव्याचं बोलावणं रद्द केलं. तिच्याशी त्या दिवशी ते आणखी एक शब्दही बोलले नाहीत. आपलं काम इथंच संपलं, असं धरून ती पलूसला परतली.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "नवीन खटका कधी दाखवताय?"

खटका तिनं काढूनच टाकला. झाकणाच्या पोटाला एक जाड खुंटी दिली. खुंटी खाचेत बसली तरच वीज सुरू. झाकण उचललं की खुंटी त्याच्याबरोबर बाहेर येते, मध्ये अडकायला काही राहतच नाही. ब्रेकसाठी तिनं पुन्हा जुनी पोलादी तार आणली. आधी तिनंच ती नको म्हणून फेकली होती. फक्त तारेच्या दोन्ही टोकांना आकडे केले आणि ती पुढच्या खणातून बदलता येईल अशी ठेवली. मग तीन मशीनं कारखान्याच्या गच्चीवर अख्खा एप्रिल आणि मे उन्हात चालवली, बोअरच्या पाण्यावर. रोज सकाळी ती पलूसहून बसनं यायची आणि प्रत्येक झाकण शंभर वेळा उचलायची. शंभर वेळा टब थांबला, तरी ती आणखी एकदा झाकण उचलून बघायची.

पुढच्या दिवाळीत मशीन बाजारात आलं. फार नाही, पण विकलं जातं. वडूजच्या ज्योतिबांनी पुन्हा घेतलं. झाकण उघडल्यावर टब थांबतो आणि वाट बघावी लागते, अशी त्यांची तक्रार आहे. संयोगिता ती ऐकून घेते.

अंबूबाईंचं हाड जुळलं, पण मनगट पूर्ण वळत नाही. पिळायची कामं त्या डाव्या हातानं करतात. त्या दिवाळीनंतर संयोगिता नवं मशीन घेऊन वस्तीवर गेली. समीक्षानं बराच वेळ झाकण वर-खाली करून पाहिलं आणि मग ते ठेवून घेतलं. अंबूबाई उंबऱ्यातून बघत होत्या.

"चांगलं असंल," त्या म्हणाल्या. "सून वापरंल. माजी कापडं म्या दगडावरच धुणार. तू रागवू नगंस."

"न्हाई आजी," संयोगिता म्हणाली. त्यांनी दिलेला चहा घेऊन ती खाली फरशीवर बसली आणि समीक्षाला गाळणी कशी काढायची ते दाखवू लागली.