उष्टा पेपर

"पेपर उष्टा काऊन केला रे?"

मालकाने ओसरीवर सहा माणसांदेखत विचारलं. चिमटीत धरून पेपर माझ्या पायाशी टाकला. पाचव्या पानावर माझ्या अंगठ्याचा घामाचा ठसा होता.

मी एकोणीस वर्षांचा होतो. गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात पेपर एकच यायचा, मालकाचा. बाप त्यांच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. मी त्याच्या हाताखाली. एसटीच्या थांब्यावरून पेपर आणणं माझं काम. वाट एकोणीसशे पावलांची. मी मोजली होती. मालकाआधी घडी मोडायची नाही, असा हुकूम.

घडी न मोडता बारापैकी एकच पान वाचता येतं. ते मी रोज दोनदा वाचायचो. मग कड उचलून आत डोकवायचो. अर्धी ओळ दिसायची. उरलेली अर्धी चालता चालता मनानं जुळवायचो. माझ्या कविता तिथून आल्या.

त्या रविवारी आत कोणाची तरी कविता होती. तीन ओळी दिसल्या. पुढचं काही केल्या जुळेना. बांधावर बसलो आणि घडी मोडली.

"हा कवी हाय म्हने," मालक म्हणाले. "अबे, तुह्या बापानं कधी पेपर धरला का हाती? जा, इस्त्री करून आन."

सहाही हसले. बाप जमिनीकडे पाहत म्हणाला, "जाय ना बापू. सालाची बोली हाय."

मी गेलो. कोळशाची इस्त्री फिरवली. ठसा गेला नाही. पेपर दोन्ही हातांनी परत दिला. हेही मी केलं आहे.

दुसऱ्या दिवशी थांब्यावरच, सगळ्यांसमोर, पेपर पूर्ण उघडला. बाराही पानं वाचली. पाऊण तास उशीर.

"वाचून आनला," मी मालकांना म्हणालो.

थप्पड बसली. काम सोडता येत नव्हतं. बोली अक्षय तृतीयेपर्यंतची, अजून सात महिने. गाव तेच, ओसरी तीच. मालकांनी दुसरा गडी पाठवून पाहिला. मी त्याच्याआधी थांब्यावर. सात महिने उघडून वाचला. थपडा तेवढ्या मोजल्या नाहीत.

आज मी बावन्न वर्षांचा आहे. मालकांचा मुलगा सांगत फिरतो, "आमच्या घरचा पेपर वाचून कवी झाला." येत्या रविवारी गावात माझा सत्कार आहे, अध्यक्ष तोच. बायको म्हणते, "जाऊ द्या ना. कायले उकरून राहिले?"

शाल घेण्याआधी माईक घेणार आहे. तो शेजारी बसलेला असताना सांगणार आहे: तुमच्या घरानं मला पेपर वाचायला दिला नव्हता. वाचला म्हणून मारलं होतं.