पाच शेळ्या आणि मधली रेघ

माझा राग नाकावर असायचा आणि हात रागाच्याही पुढे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला मी फार गोड बाई वाटायला नको.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला होता आणि यांना तिथे नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याकडून इकडे आलो. कारखान्याजवळ जागा मिळेना, म्हणून थेरगावात दोन खोल्या घेतल्या. हे रोज सकाळी सायकल खांद्यावर घेऊन नदी उतरत आणि पलीकडे गेल्यावर सायकलवर बसत. मी मराठी फायनल झालेली, वर पुण्याला तीन महिन्यांचा बालवाडीचा वर्ग केलेला. रिकामं बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. गावकऱ्यांनी मारुतीच्या देवळामागची खोली दिली आणि मी चार-पाच वर्षांची अठरा पोरं गोळा करून बालवाडी सुरू केली. गावाला तेव्हा मी ‘बाई’ झाले. वय म्हणाल तर बावीस.

साहित्य म्हणून सरकारकडून एक फळा आला होता. बाकी सगळं माझं मी. हे कारखान्यातून रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे आणत. मी त्यांच्यावर गेरूने आणि कोळशाने चित्रं काढायची. चित्रकला मला बरी जमायची, निदान माझी कोंबडी बघून कुणी तिला कावळा म्हणत नसे. पुण्याच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की मुलांना आधी खऱ्या वस्तू मोजायला द्यायच्या, मग चित्रं आणि शेवटी आकडे. बेरजेच्या चित्राबद्दल तर आमच्या शिक्षिकेने बजावून सांगितलं होतं, “दोन गटांच्या मध्ये ठळक रेघ मारा. मुलांना गट वेगळे दिसले पाहिजेत.” मी ते वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली दोनदा अधोरेखितही केलं होतं.

चिंचोक्यांवर मोजणं आठवडाभरात झालं. त्यात सगळ्यात पुढे एक मुलगी होती. पाचेक वर्षांची, केस तेल लावून चापून बांधलेले, परकर जमिनीवर लोळणारा. दोन चिंचोके या हातात, तीन त्या हातात, की माझं विचारून होण्याआधी “पाच!” तिच्या वडिलांचा तिला बालवाडीत घालायला विरोध होता. ती घरात राहिली असती तर धाकटा भाऊ सांभाळायला झाली असती. आईने हट्टाने पाठवली होती. माहेर पुनावळ्याचं, बोलायला धीट. पहिल्या दिवशीच मला म्हणाली होती, “बाई, ही रडून घरी आली तर तिचा बाप परत धाडायचा न्हाई. तेवढं बघा.”

तेवढं मी बघितलं नाही.

चित्रांच्या पहिल्या दिवसासाठी मी शेळ्या काढल्या. खोलीच्या खिडकीतून रोज सकाळी पाच शेळ्या नदीकडे जाताना दिसत. आधी तीन, मग थोडं अंतर ठेवून दोन. मागच्या दोघींपैकी एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. मला त्या आवडायच्या म्हणून तशाच काढल्या, ठिपक्यासकट. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन आणि मध्ये, वहीत लिहून घेतलं होतं तशी, कोळशाची ठळक उभी रेघ.

“सगळ्या मिळून किती?” मी विचारलं.

पोरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मी ओठांनी ‘पा’ म्हटलं आणि सगळ्यांनी एका सुरात “पाच” म्हणून टाकलं. ती मुलगी गप्प. मी तिला उभी केली.

“तू सांग. किती?”

“दोन,” ती म्हणाली.

“आणि या?”

“त्या तीन.”

“मग सगळ्या मिळून?”

ती खाली बघायला लागली. मी तीनदा विचारलं. काल चिंचोक्यांची पाच झटक्यात सांगणारी पोर, आज शेळ्यांची सांगत नव्हती. तिला येत नाही असं मला एक क्षणही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की ही मुद्दाम करते आहे, अठरा पोरांसमोर मला दाद देत नाही. आणि माझा हात उठला. पाठीत एक धपाटा बसला. फार जोरात नव्हता, असं मी त्या संध्याकाळी यांना सांगितलं. जोरात होता.

ती रडली नाही. खाली बसली आणि सुटीपर्यंत त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीतून शेळ्या गेल्या. आधी तीन गेल्या, मग अंतर ठेवून दोन. त्या दोघींच्या मागे ती होती, काखेला धाकटा भाऊ, हातात काठी. खोलीकडे तिने मान वळवूनही बघितलं नाही.  एका धपाट्यात मी तिची शाळा संपवली होती, आणि या गावात ती पुन्हा सुरू होणं किती अवघड होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. हे जेवताना म्हणाले, “जाऊन ये तिच्या घरी. भाकरी गार करून काय होणार आहे?”

गेले. घर कौलारू, ओसरी लांबलचक, पण तिच्या मधोमध मातीची एक नवी भिंत. अजून सारवण वाळून एकसारखं झालं नव्हतं. अलीकडे तिची आई धान्य निवडत होती. मी उभ्या उभ्याच म्हणाले, “वहिनी, माझा हात उठला. माझं चुकलं.”

“बसा बाई,” ती म्हणाली. “मारल्याचं काय न्हाई. आमी बी मारतो. पर तुमी त्यांच्या शेळ्या आमच्या शेळ्यांत कशापायी मांडल्या?”

मला काही कळेना. तिने सुपातलं धान्य बाजूला ठेवून सांगितलं. घर दोन भावांचं. दिवाळीनंतर वाटणी झाली. शेताच्या मध्ये बांध पडला, ओसरीवर भिंत आली, पाच शेळ्यांतल्या तीन थोरल्याकडे गेल्या, दोन यांच्याकडे आल्या. तेव्हापासून बोलणं बंद. पण पोरगी जन्मल्यापासून पाचही शेळ्यांच्या मागे फिरलेली. वाटणीनंतर आठवड्यातच तिने सवयीने पाचही सोडल्या आणि नदीवर नेल्या. थोरला दीर दारात येऊन ओरडून गेला की आमच्या शेळ्यांचं दूध काढायला पोरीला धाडता काय. मग बापाने तिला मारलं.

“म्हनत हुती, पाच हायेत, पाचच हायेत, म्या मोजल्यात,” आई म्हणाली. “तसा तिचा बाप आनखीच चिडला. आन् तुमी मदी बांध घालून परत तेच इचारलं. पोरीनं काय सांगावं, बाई?”

 घरी पाच म्हटलं म्हणून मार, माझ्याकडे पाच म्हटलं नाही म्हणून मार. माझ्या त्या अठरा पोरांत चित्राकडे नीट बघणारी ती एकटीच निघाली होती. बाकीच्यांनी माझे ओठ बघितले होते. तिने ठिपक्याची शेळी ओळखली होती, बांध ओळखला होता, आणि पलीकडची जनावरं आपल्यात धरायची नाहीत हा घरचा धडाही तिने पाठ केला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मला रडताना कुणी बघितलेलं अजिबात खपत नसे.

पोरगी दाराआड उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, “माझं चुकलं गं. तुझं उत्तर बरोबर होतं.” तिने ते ऐकलं आणि भावाला या काखेतून त्या काखेत घेतलं. एवढंच.

तेवढ्यात तिचे वडील शेतावरून आले. माझ्याकडे न बघता पाय धुतले, मग म्हणाले, “धाडतो उद्यापासनं. पर आमचं आन् त्यांचं एका जागी मांडू नगा, बाई. गावात हसू हुतंय.”

मी कबूल झाले. काय करणार होते? शेळ्यांचा पुठ्ठा मी ढिगाच्या तळाशी घातला आणि पुढे महिनाभर फक्त आंबे, भोपळे, कोंबड्या आणि पणत्या काढल्या. एकाही चित्रात रेघ मारली नाही. पुण्याच्या बाईंनी बघितलं असतं तर रागावल्या असत्या. रेघ नसल्यावर ती मुलगी सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची. तिचा चुलतभाऊ, थोरल्या घरचा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. तो मला तोवर नुसता एक नाक वाहणारा पोरगा म्हणून माहीत होता. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत हे मला आता दिसायला लागलं होतं, आणि मी त्यात पडत नव्हते. खरं सांगते, मी घाबरले होते. त्या दोन घरांचा अबोला आम्ही थेरगाव सोडेपर्यंत तसाच राहिला आणि तो मोडायची माझी ताकदही नव्हती.

एका सकाळी मी पाणी भरून खोलीत आले तर तिने पुठ्ठ्यांचा ढीग उपसला होता आणि शेळ्यांचं चित्र मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या ओठांवर ‘ठेव ते’ आलं होतं. मी ते गिळलं. तिने तळहातावर थुंकी घेतली आणि मधली रेघ खसाखसा पुसायला लागली. रेघ काही गेली नाही, पसरली. शेळ्यांच्या पायांत नुसती धूळ उडाल्यासारखं दिसायला लागलं. मग तिने गेरूचा खडा उचलला आणि शेळ्यांच्या मागे एक माणूस काढला. वाटोळं डोकं, जमिनीवर लोळणारा परकर आणि हातात काठी.

“ही कोण?” मी विचारलं.

“मी,” ती म्हणाली. “मी राखते समद्या. पाच.”

खोलीच्या त्या टोकाहून चुलतभाऊ उठून आला. चित्रावर वाकला, ठिपक्याची आणि तिच्या जोडीची सोडून तीन शेळ्यांवर एक एक करून बोट ठेवलं आणि म्हणाला, “ह्या तीन आमच्या हायेत.”

“हायेत की,” ती म्हणाली. “मी कुठं न्हाई म्हनते? तू मोज.”

मी हात मागे बांधून उभी राहिले. तो पुन्हा वाकला आणि पहिल्या शेळीपासून बोट न उचलता, त्या धुळीवरून पुढे नेत, शेवटच्या शेळीपर्यंत आला. मग मान वर करून त्याने आधी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

“पाच,” तो हळूच म्हणाला.