तात्पुरती सोडलेली तार

वायरिंगची कामं करणाऱ्या तिच्या नवऱ्याला सगळे अर्थिंगबुवा म्हणत, आणि बुवा ते बिरुदासारखं मिरवत. कुणाकडे जनरेटर जोडायला गेले की आधी प्रवचन. बाहेरच्या विजेवरून जनरेटरवर नेणाऱ्या चेंजओव्हर स्विचने नुसता फेज बदलून भागत नाही, न्यूट्रलही, म्हणजे करंटच्या परतीची तारही, बदलायला हवा! नाहीतर जनरेटरचा न्यूट्रल एकीकडे अर्थला बांधलेला, घराचा दुसरीकडे. मग करंट अर्थिंगच्या तारेतूनही परत फिरतो आणि गळती दिसली की वीज तोडणारा सेफ्टी स्विच पडतो. गिऱ्हाईक जांभया द्यायला लागलं तरी महाराज थांबत नसत.

स्वतःच्या घरी मात्र महाराजांनी न्यूट्रलला हातही न लावणारा जुनापुराणा स्विच बसवला होता. जनरेटर लावला की सेफ्टी स्विच पडायचा, वॉशिंग मशीनमधले कपडे साबणातच अडकायचे.

"अहो, तो दोन्ही तारा बदलणारा स्विच कधी आणताय?"

"आणतो गं. तोवर तात्पुरतं करून देतो."

आणि बुवांनी बोर्डातली अर्थिंगची मुख्य तारच, गळलेला करंट जमिनीत नेणारी, सोडवून ठेवली. झालं! स्विच पडायचा बंद. हे तात्पुरतं इतकं टिकलं, की त्या तारेवर कोळ्याने संसार थाटला.

मग वॉशिंग मशीनला हात लावला की तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. "तुझे हात ओले असतात," बुवांनी निदान केलं. कपडे धुताना कोरडे हात कुणाचे असतात, हे तिने विचारलं नाही. भीती वाटायची, पण एवढ्या थोर तज्ज्ञाला शिकवणार कोण? ती आपली रबरी चप्पल घालून धुणं लावायची.

एकदा लेक आली, नुकत्याच रांगायला लागलेल्या नातीला घेऊन. वीज गेली. बुवांनी ऐटीत जनरेटर सुरू केला. मशीनच्या काचेआड कपडे गरगरू लागले तशी नात ओल्या फरशीवरून थेट तिकडे निघाली आणि तिने हात पुढे केला.

"अगं, धर तिला! हात लावू देऊ नकोस!"

बुवा असे ओरडले, की पोरीने भोकाडच पसरलं. लेकीने तिला झटकन उचललं.

"काय झालं हो बाबा?"

बुवा जनरेटर बंद करायला धावले.

"काही नाही गं," बायको म्हणाली, "तिचे हात ओले असतील."

त्याच मशीनला ती स्वतः रोज हात लावत होती, आणि तिच्यासाठी हा माणूस एकदाही असा ओरडला नव्हता.