झिलईची मागची बाजू

बक्षिसांच्या ढाली आणि चषक बनवणाऱ्या त्या गृहस्थाला बाजारात सगळे ‘झिलई’ म्हणत. घासूनपुसून चकचकीत करणं एवढंच आपल्याला येतं, याबद्दल त्याचा स्वतःचाही काही गैरसमज नव्हता. तरी ताईसमोर तो छाती फुगवून म्हणाला, "गाडीचा कार्ब्युरेटरच बिघडलाय ना? काढतो, पुसतो, लावतो. त्यात काय एवढं?" उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा जुना आजार.

भाऊजी गेल्यापासून त्यांची जुनी गाडी ताईच्या दारात नुसती उभी होती. आता ताई घर बदलणार होती. रविवारपर्यंत गाडी चालू झाली तर न्यायची, नाहीतर भंगारवाल्याला द्यायची, असं तिने ठरवलं होतं. हे सांगताना ती गाडीकडे बघत नव्हती. तिला काय हवंय ते झिलईला तेवढ्यावरून कळलं.

कार्ब्युरेटर काळ्या मळाने माखला होता. शहाण्या माणसाने तो आधी उघडला असता. झिलईने घासला. झाकणाच्या स्क्रूखाली एक पितळी पट्टी निघाली, तेव्हा तर त्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्याने ती चकाकी आणणाऱ्या बफच्या चाकावर धरली आणि तिच्यात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत सोडली नाही.

मग आत बघितलं. वॉशर हात लावताच भुगा झाले, सुई झिजलेली. दुकानात गाडीचं नाव सांगून त्याने सुट्या भागांचं पाकीट आणलं, तर त्यातल्या गॅस्केटची भोकं जुळेनात. तो कार्ब्युरेटरच घेऊन परत गेला.

"हा मूळ गाडीचा नाहीच," दुकानदार म्हणाला. "कधीतरी दुसरा बसवलाय. असे दिसणारे ढीगभर असतात. झाकणाखाली पितळी पट्टी असेल, तिच्यावरचा नंबर सांगा."

झिलईने पट्टी पुढे केली. दुकानदाराने ती उजेडात तिरकी धरून बघितली.

"भांग पाडायला छान आहे," तो म्हणाला. "नंबर कुठंय?"

आधीच पुसट झालेले आकडे चाकाने साफ नेले होते. आपल्यासारख्याला खरं तर एक ढाल द्यायला हवी, असं वाटत झिलई ताईकडे गेला आणि सगळं सांगून खाली मान घालून बसला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

ताई रागावली नाही. तेच जास्त लागलं.

"लहानपणीही तू फक्त तोंड धुवायचास," ती म्हणाली. "मानेवर मळाचे थर. आई म्हणायची, पुढून राजपुत्र, मागून कोळसेवाला."

झिलई ताडकन उठला. आयुष्यात त्याने एकाही ढालीची पाठ घासली नव्हती. ती भिंतीकडे जाते, बघतो कोण? त्याने खिशातली पट्टी उलटी केली. काळीच होती. रॉकेलच्या बोळ्याने हलकेच पुसल्यावर ठोकलेल्या आकड्यांचे उंचवटे दिसले, उलटे. ताईच्या कपाटाच्या आरशासमोर धरल्यावर ते सुलटे झाले. आळसाने आयुष्यात पहिल्यांदाच उपकार केले होते.

या वेळी पाकीट बरोबर मिळालं. पेट्रोलवर तरंगायचा पोकळ पितळी फ्लोट कानाशी हलवला तर आतच पेट्रोल डुचमळत होतं. गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुड्यांनी भोक दाखवलं. कथलाचा डाग देऊन भोक बुजवणं मात्र त्याचंच काम होतं. एवढ्यापुरती त्याची मान ताठ झाली.

रविवारी ताई येऊन चालकाशेजारच्या, तिच्या नेहमीच्या जागेवर बसली. झिलई भाऊजींच्या जागेवर बसला आणि त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, बंद पडलं, पुन्हा खोकलं आणि मग एका लयीत चालू लागलं.

"बंद करू नकोस," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

फाटकाशी भंगारवाला येऊन उभा राहिला. ताईने काच खाली केली.

"चुकीच्या घरी आलात," ती म्हणाली.

पट्टी तेवढी लावायची राहिली होती. इंजिन निवल्यावर झिलईने सवयीने फडकं काढलं. ताईने पट्टी त्याच्या हातून काढून घेतली, तिची काळी बाजू वर ठेवली आणि स्क्रू स्वतः आवळला.

"हिला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि मान धुतलीस का आज?"

झिलईने मानेवरून हात फिरवून बघितला.