चौथा खेळाडू

मे महिन्यातला रविवार, संध्याकाळचे सहा. पहिलं बक्षीस वीस लाख. हजर — माझ्या घरात मी एकटा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे.

मोबाइलवर खेळतात त्या बंदुकीच्या खेळाचा अंतिम सामना मी फोनवर पाहत होतो. हैदराबादच्या मंचावर चार पोरं चषक उचलत होती. पात्रता फेरीत ही टीम आमच्या खाली होती. आम्ही बाद झालो म्हणून तिला बोलावलं, आणि ती जिंकली.

आम्ही म्हणजे कोण? कॉलेजातली तीन पोरं, आणि मी — वय एकावन्न, सरकारी कचेरीत लेखापाल. बायको गेल्यावर संध्याकाळी घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. मुलगी पुण्याला. तिच्याच जुन्या फोनवर खेळायला लागलो. पहिल्याच आठवड्यात या तिघांनी वय विचारलं. मी लिहिलं, बावीस. नाव अन्नू. माईक बिघडलाय म्हणालो — आवाजावरून कळलं असतं ना? वर्षभर ते बोलायचे, मी लिहायचो. किती टीम उरल्या, कुणाच्या गोळ्या संपत आल्या असतील, खेळाच्या नकाशावरचं सुरक्षित वर्तुळ कुठल्या बाजूला आवळत जाईल — तो हिशोब माझा. त्यावर ते डोळे मिटून विश्वास ठेवायचे. खेळ सुरू होण्याआधी रोज विचारायचे, “खाना खा लिए भैया?” दुसरं कोण विचारत होतं?

पात्र ठरलो आणि निरोप आला: चौघांनीही ओळखपत्र घेऊन हजर राहावं. वयाची वरची अट नव्हती. नियम मी दोनदा वाचले. राखीव खेळाडू नोंदवलेला नव्हता — कशाला, असं मीच म्हणालो होतो. मग अडचण काय होती? त्या पोरांशेजारी पांढऱ्या मिशांचा मी... ते माझ्याकडे कसे बघतील — बस, एवढंच. काही न कळवता मी खेळ फोनवरून काढून टाकला. तिघंच हैदराबादला पोचले, आणि टीम बाद झाली.

माझ्याविषयी त्यांना एकच खरी गोष्ट ठाऊक होती — मी रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात राहतो. अंतिम सामन्यानंतर आठवड्याभरानं त्यांच्यातला एक, अभनपूरचा रोशन, गल्लीत चौकशी करत आला. शेजारच्या बंडूभाऊंनी त्याला नेमकं माझ्याच फाटकाशी आणलं. “पोट्टा सकाळपासून फिरून राहिला,” मला म्हणाले, आणि त्याला, “इनसे पूछ. गल्ली की बिल्लियाँ भी गिन के रखे हैं.” हसत निघून गेले.

रोशनचा आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला.

“अंकल, इधर अन्नू भैया रहते हैं? बाईस साल के?”

या नावाचं इथं कुणी नाही, मी म्हणालो.

शिव्या देईल असं वाटलं होतं. तो रागावलेला नव्हताच. दोन दवाखान्यांत विचारून आला होता.

“कुछ हो तो नहीं गया उनको? वो ऐसे छोड़ के जाने वाले नहीं हैं.”

तेव्हाही सांगता आलं असतं. फाटकाशी आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, ऊन फार आहे, घरी जा.

बसस्टँडपर्यंतच्या ऑटोसाठी मी त्याला पन्नास रुपये दिले. नको नको म्हणत त्यानं ते घेतले, आणि वाकून माझ्या पाया पडला.