बोजूच्या उजव्या पायातली टक

आइते दाइंनी तो पेला तसा कसा धरला, हे इंदुकलाच्या मनातून जाता जाईना. चुलीवरून नुकता उतरलेला चहा आणि स्टीलचा पेला. तिनं स्वतः तो शालीच्या टोकात धरून आणला होता. दाइंनी मात्र उघड्या तळव्यांत घेतला, हात न बदलता, फुंकर न मारता, आणि गप्पा मारत शेवटच्या घोटापर्यंत धरून ठेवला. खाली ठेवला तेव्हा दोन बोटांची टोकं पांढरी पडून फुगायला लागली होती. दाइंचं तिकडे लक्षही गेलं नाही. फडक्याला हात पुसत ते उठले आणि घराकडे चालू लागले.

याला आता दोन तास झाले होते. रविवार असल्यानं शाळेचं आवार रिकामं होतं आणि आवाराच्या मधोमध गाडी उभी होती. सत्तर वर्षांची हिरवी लँड रोव्हर. घरात तिला बोजू म्हणत, म्हणजे आजी. उद्या सकाळी सातला इंदुकलाचा मुलगा सुधन सहा प्रवासी घेऊन तिच्यातून सांदकफूच्या शिखरावर निघणार होता.

आइतबहादुर विश्वकर्मा. ऐतवारी जन्मले म्हणून आइते, थोरल्या भावासारखे म्हणून दाइ. आज वय अडुसष्ट. वडील लोहार, खुकुऱ्या आणि विळे घडवायचे. मानेभंज्याङ गावावरून या गाड्या वर जायला लागल्या आणि दगडांवर आपटून त्यांच्या स्प्रिंगचे पाटे मोडू लागले, तेव्हा ड्रायव्हर लोक मोडका पाटा खांद्यावर टाकून भट्टीवर येत. वडिलांनी विळ्याला पाणी द्यावं तसं पाट्याला दिलं, आणि पाटा टिकला. आइते तिथंच शिकले. पुढं गाडीचा सगळा पुढचा भाग त्यांच्याकडे आला : पाटे, त्यांच्या टोकांतले बुश, चाकं वळवणारे दांडे, दांड्यांच्या टोकांचे गोल सांधे. इंजिनाला ते हात लावत नसत. म्हणायचे, इंजिन बिघडलं तर गाडी थांबते, पाय बिघडले तर गाडी थांबत नाही, म्हणून मी पायांचा डॉक्टर झालो.

यंत्रबिंत्र त्यांच्याकडे काही नव्हतं. एक दोरा होता. अख्ख्या गावात सपाट जागा म्हणजे शाळेचं आवार, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी तिथं गाड्यांची रांग लागायची. मागच्या चाकाला दोरा टेकवून तो ताठ ओढत पुढच्या चाकाशी आणायचा. पुढच्या चाकाच्या मागच्या कडेला तो टेकला पाहिजे, आणि पुढच्या कडेशी आडव्या तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली पाहिजे. तेवढी राहिली की गाडी नाकासमोर चालते. फट ते डोळ्यांनी बघत नसत, दोऱ्यावरून बोट फिरवत. सांधा झिजलाय की नाही हेही बोटानंच. कुणीतरी आत बसून स्टिअरिंग डावं-उजवं हलवायचं, दाइ खाली आडवे पडून सांध्याला हात लावून राहायचे. केसाएवढी ढिलाई असली तरी त्यांना कळायची.

गेल्या वर्षी सुधननं हट्टानं गाडी सिलिगुडीला नेली होती, मशीनवर चाकं सरळ लावून घ्यायला. तिथल्या पोरानं मशीनमध्ये खूप शोधलं आणि या गाडीची मापं यात नाहीत म्हणून परत पाठवलं. दाइंना ते आठवडाभर पुरलं. "मशीनचा जन्म कालचा, भाञ्जा. त्याला बोजू कुठून ओळखू येणार?" आधी मानलेल्या भाच्याला, सुधनला, आणि मग दिसेल त्याला ते हे ऐकवत होते.

इंदुकलाचा नवरा पदम होता तेव्हापासून स्टिअरिंगवर बसायचं काम तिचंच. कॉलेज करून शिक्षिका झालेली बाई गाडीत बसून चाक हलवतेय, याची गाड्यांच्या स्टँडवर थट्टा व्हायची. पदम सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेला. गाडी विकावी असं सासरच्यांचं म्हणणं होतं. दाइ एकटेच येऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, पोरगं मोठं होईपर्यंत हिचे पाय मी सांभाळतो. आणि त्यांनी सांभाळले.

आजही सगळं नेहमीसारखंच सुरू झालं होतं. गाडी महिनाभर डावीकडे ओढत होती, खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग थरथरायचं. सुधन म्हणायचा, स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवावं तेव्हा कुठं ती वळते. दाइंचं उत्तर तयार असायचं, बाई वयस्कर आहे, विचार करून वळते. आज त्यांनी एक पाटा बदलला, बुश नवे घातले, डावा सांधा नवा बसवला. उजवा चाचपून पाहिला आणि चांगला आहे म्हणून त्यासाठी आणलेला नवा सांधा परत डब्यात ठेवला. मग दोरा लावला. तेव्हा त्यांनी विचारलं, "बहिनी, दोरा टेकतोय का गं मागच्या कडेला?" धाकट्या बहिणीसारखी म्हणून ते तिला बहिनी म्हणत.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. तिला वाटलं, गंमत करताहेत.

"टेकलाय. पुढं दाण्याएवढी फट आहे."

"मग झालं. तुझ्या वर्गातली पोरं रांगेत चालत नाहीत एवढी ही सरळ चालेल."

शेवटी इंदुकला आत बसली, दाइ खाली शिरले. तिनं चाक हळूच डावीकडे नेलं, मग उजवीकडे. उजवीकडे नेताना तिच्या तळव्याला टक लागली. आवाज असा नाही, दाराची कडी सैल असावी तशी एक बारीक ठोकर. तिनं पुन्हा नेलं. पुन्हा टक.

"दाइ, उजवीकडे काही लागलं हाताला?"

"काही नाही. दगडासारखा घट्ट आहे."

"मला टक जाणवली."

"उठता-बसता माझे गुडघे वाजतात, बहिनी. मी काय ते बदलून आणले?"

ती हसली. हसली याचंच तिला आता वाईट वाटत होतं. दाइ बाहेर आले, अंगठ्यानं ग्रीस घेतलं आणि स्टिअरिंगच्या मधोमध टिका, म्हणजे टिळा लावला. स्टँडवर सगळे हे पाळतात. दाइंनी टिका लावला की गाडी वर जाऊन येईपर्यंत तिला पुन्हा कुणाचा पाना लागत नाही. पाना लावलाच तर तो मिस्त्रीचा अपमान, आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गावाला कळतो.

त्यानंतर चहा झाला होता. आणि आता वर्गातल्या फळ्यावर उद्याचा धडा लिहिता लिहिता तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. दाइंना साखरेचा आजार होऊन दहा वर्षं झाली होती, आणि त्यात बोटं हळूहळू बधिर होतात. ज्या बोटांना तापलेला पेला कळला नाही, त्यांना सांधा काय कळणार होता? आणि दाइंना स्वतःला हे ठाऊक होतं. नाहीतर दोऱ्याचं त्यांनी तिला विचारलं नसतं.

तिनं खडू खाली ठेवला. सांदकफूच्या वाटेवरची, बिखेभंज्याङच्या पुढची चढण तिला पाठ होती. तिथं सांधा निसटला तर चाकं आपापल्या मनानं दोन दिशांना जातील, मग स्टिअरिंग कुणाच्याही हातात असो.

सुधनला सांगावं तर तो गाडी थांबवेल हे खरं. पण तो पंचविशीचा, तोंडाचा मोकळा. मामांना हाताला काही लागत नाही, हे रात्रीच्या आत स्टँडवर होईल आणि उद्यापासून दाइंकडे एकही गाडी येणार नाही. गंगटोकला दाइंची मुलगी होती. तिला कळवलं तर ती येऊन त्यांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत घेऊन जाईल. गप्प राहावं, तर आत सहा परकी माणसं आणि पुढं आपलं पोर. आणि टक तिचा भासही असू शकत होता. तिनं तळवे पाहिले. वीस वर्षं या चाकावर बसलेले तळवे. भास नव्हता.

अंधार पडायला दोन तास होते. सांधा बदलायला एक, मग दांड्याची लांबी बदलणार म्हणून दोरा पुन्हा लावायचा. सुधन प्रवाशांची नावं नोंदवायला गेला होता, पाचच्या आत येत नव्हता.

काय बोलायचं ते तिनं जुळवलं. दाइ, डब्यातला सांधा घेऊन या. आज तुम्ही स्टिअरिंगवर बसा, खाली मी शिरते, हाताला काय लागायला हवं ते मला शिकवा. बोटांचं तिथंच, दोघं असताना बोलायचं, आणि दवाखान्याचंही. टिका पुसल्याचा राग आला तर येऊ दे. ते नाहीच म्हणाले, तर बोजू उद्या जाणार नाही आणि सुधनला कारण ती सांगेल. पण आधी त्यांना विचारायचं.

तिनं फोन घेतला. सुधनचं नाव वरच होतं. ते तिनं खाली सरकवलं आणि आइते दाइंचा नंबर काढला.