आमची होडी, स्पॅनिशमध्ये

मंडळी, क्रूझवर नोकरी मिळावी म्हणून मी ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय. आज 'आमचा-आमची' शिकवलं. तिथंही वस्तू स्त्रीलिंगी असली की 'नुएस्त्रा', अगदी आपल्यासारखंच. मॅडमनी उदाहरण मागितलं. मी पटकन म्हटलं, "नुएस्त्रा लांचा." म्हणजे आमची होडी.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या.

मासळी मिळेनाशी झाली म्हणून बाबांनी आज सकाळीच होडी आंजर्ल्याच्या एकाला विकली. देताना नारळ फोडला आणि होडीवरचा हार तेवढा घरी आणला.

"काय बोललीस गो आता?" बाबांनी ओटीवरून विचारलं. मी सांगितलं.

तुटलेलं जाळं विणता विणता ते म्हणाले, "त्यांच्या भाषेत तरी आमचीच राहूंदे."

हे जाळं आता कुठल्या होडीसाठी, हे मी त्यांना कसं विचारू?